संमेलनाला चला, पण पाणी पिऊन!

१९९६ साली आळंदीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी दौंडला बारावीत होते. अध्यक्ष होत्या शांता शेळके. आपल्याच जिल्ह्यात, इंदापूरला जन्मलेल्या. त्यांची गाणी रेडिओवर ऐकतच आम्ही मैत्रिणी मोठ्या झालो होतो. मी घरी भीत भीत विचारलं, "आळंदीला जाऊ का?" वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "नेणार कोण? आणि दिवसभर तिथं बाईमाणसानं जायचं कुठं?"

त्या 'जायचं कुठं'चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. विषय तिथंच मिटला.

मैत्रिणींनो, या गोष्टीला तीस वर्षं होत आली. पण शिरूर-दौंडकडच्या बायकांशी संमेलनाचा विषय काढला, की आजही दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वाक्याला हाच प्रश्न येतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलू या. कुणी म्हणेल, संमेलनाला जायला तयारी ती कसली? पर्स उचलायची नि निघायचं. मीही तसंच समजत होते, आणि त्याची शिक्षा भोगून बसले.

लग्न होऊन मी शिरूरला आले. मुलं शाळेत रमली, सकाळची कामं आटोपून महिला मंडळाच्या कामाला जाऊ लागले, पण पुस्तकांचं वेड काही सुटलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये सासवडला ८७वं संमेलन भरलं. फ. मुं. शिंदे अध्यक्ष होते. सासवड म्हणजे सोपानदेवांच्या समाधीचं गाव आणि आचार्य अत्र्यांचा मुलूख. जवळ आहे म्हणून धीर केला. सकाळी गेले, रात्री परत. पण त्या एका दिवसानं मला चटक लागली. ओळीनं पुस्तकांची दुकानं, मांडवात परिसंवाद, एका बाजूला कवींचा कट्टा, आणि ज्यांचे फोटो फक्त पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहिले ते लेखक चक्क समोरून चालत जातायत!

त्यानंतरच्या एका संमेलनाला मी मुक्कामी गेले. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. मिरवायचं म्हणून नवी कोरी चप्पल घातली, ती दुपारपर्यंत चावली. रेशमी साडी नेसले, ती सावरता सावरता जीव गेला. आणि सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे दिवसभर पाणीच प्यायले नाही. का? तर 'जायला' लागू नये म्हणून! संध्याकाळी कविसंमेलन रंगलं होतं आणि मी डोकं धरून बसले होते. घरी आले ती तापानं फणफणून. डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतुसंसर्ग झालाय. चार दिवस अंथरुणात काढले. सासूबाईंनी सगळं केलं, पण एकदा विचारलंच, "फिटली का हौस?"

ते मी हसण्यावारी नेलं. पण शेजारच्या वहिनी पुढच्या वर्षी माझ्याबरोबर यायच्या होत्या. त्यांच्या घरून उत्तर आलं, "बघितलंस ना त्यांचं काय झालं?" वहिनी घरीच राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. एक बाई आजारी पडून परत आली, की तिच्यामागच्या चौघींचा रस्ता बंद होतो. आपण नीट जाऊन हसत परत आलो, तरच पुढचीला "जा" म्हणतात. म्हणून स्वतःची सोय बघणं हे काही चोचले नव्हेत.

सासूबाई म्हणाल्या, मलाही यायचंय

२०२५ मध्ये जाहीर झालं, की ९९वं संमेलन साताऱ्याला होणार आणि अध्यक्ष विश्वास पाटील. मी सासूबाईंना सहज सांगितलं. त्या निवडत होत्या ती मेथी तशीच ठेवून म्हणाल्या, "झाडाझडतीवाले? मग मलाही यायचंय."

मी बघतच राहिले. सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, वय शहात्तर. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात होतं. होतं म्हणजे आता पाण्याखाली आहे. डिंभे धरणात गेलं. 'झाडाझडती' ही कादंबरी धरणग्रस्तांचीच. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचता येत नव्हतं, तेव्हा दुपारी चहाच्या आधी मी ती त्यांना वाचून दाखवली होती. महिनाभर पुरली. मध्येच त्या म्हणायच्या, "थांब जरा," आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या.

अशा वाचकाला नाही कसं म्हणायचं? पण शहात्तर वर्षांचं माणूस, मधुमेह, गुडघेदुखी, जानेवारीची थंडी. या खेपेला चूक करून चालणार नव्हतं.

वारीचं गाठोडं आणि भाच्याचा नियम

तयारी कशी करायची हे मी दोघांकडून शिकले. पहिल्या सासूबाईच. त्यांनी उमेदीत वारी केलीय. तुकाराम महाराजांची पालखी आपल्या दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम. वारकरी बाईचं गाठोडं कधी सोडून बघा. एक जोड कपडे, पांघरूण, पावसाचा कागद, ताटली-वाटी, औषधाची पुडी. बस! सासूबाई म्हणतात, "जे दोनदा लागणार नाही, ते घ्यायचं नाही."

दुसरा माझा भाचा. तो मुंबईत शिकतो आणि तिकडच्या कॉमिक कॉनला जातो. म्हणजे चित्रकथा आणि सिनेमातल्या पात्रांच्या चाहत्यांचं संमेलनच म्हणा ना! मुलं आवडत्या पात्राचा वेश करून जातात. अमेरिकेत सॅन दिएगोला असा मेळा १९७० पासून भरतो. भाचा म्हणाला, "मावशी, आमच्यात ५-२-१ चा नियम असतो. रोज निदान ५ तास झोप, २ वेळा नीट जेवण आणि १ अंघोळ." मी पोट धरून हसले. पण विचार केला, गेल्या खेपेला मी यातलं काय पाळलं होतं? अंघोळ तेवढी केली होती!

आधी घर

बाईची संमेलनाची तयारी घरापासून सुरू होते. आपण काय करतो, जाण्याच्या आदल्या रात्री बारापर्यंत तीन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवतो आणि निघण्यापूर्वीच दमतो. मी या वेळी ठरवलं, भाज्या करून ठेवायच्या नाहीत. मुलाला आठ दिवस आधी कुकर लावायला शिकवलं. हे पोह्यांत तरबेज झाले. फ्रिजवर कागद चिकटवला. दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या वहिनी, डॉक्टर, सगळ्यांचे नंबर. घर दोन दिवस छान चाललं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पैशांसाठी आम्ही सात जणींनी संमेलनाची भिशी केली. चौघी शिरूरच्या, तिघी माझ्या माहेरच्या, दौंडच्या. महिन्याला दोनशे रुपये. ते पैसे घरखर्चातले नसतात, त्यामुळे पुस्तक घेताना हात आखडत नाही आणि कुणापुढे हिशोबही द्यावा लागत नाही.

प्रवासाचं सांगायचं तर एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाला नको. आम्ही शिरूरहून एसटीनं पुण्याला आलो, दौंडच्या मैत्रिणी रेल्वेनं आल्या आणि स्वारगेटला भेटून साताऱ्याची गाडी धरली. मुक्काम आमच्यातल्या एकीच्या नणंदेकडे. असं कुणी नसेल तर आधीच प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवावं. ठरावीक शुल्क भरलं की राहण्या-जेवण्याची व्यवस्था संयोजक करतात. नुसतं ऐकायला जायचं असेल तर मांडव सगळ्यांना खुला असतो.

पिशवीत काय?

जुनी, पायाला सरावलेली चप्पल किंवा बूट. साडीवर बूट कसे दिसतील, हा विचार सोडा. तिथं पायांकडे कुणी बघत नाही, सगळे व्यासपीठाकडे बघतात. कपडे सुती. सकाळी ग्रंथदिंडीत चालायचं असतं, दुपारी मांडवात उकडतं आणि रात्री कविसंमेलनाला दात वाजतात. म्हणून एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा एक पातळ स्वेटर, एक शाल आणि एक स्कार्फ घ्या. स्कार्फ धुळीलाही कामी येतो.

पर्स खांद्यावरून आडवी घालता येईल अशी. पैसे दोन ठिकाणी ठेवा. मोबाइलवर विसंबू नका. गर्दीत नेटवर्क जातं, बॅटरी संपते. दोन नंबर कागदावर लिहून ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवा. बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पर्समध्येही चिठ्ठी हवी. आणि पोचल्या पोचल्या चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. 'गेटजवळ' म्हणू नका, गेट चार असतात. एखादं झाड, चहाचा ठेला अशी एकच जागा पक्की करा.

पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर ठेवाच. आपल्या वयात तारखा फसवतात. आणि आपल्याला नाही लागलं तर दुसरीला लागतं.

पाणी आणि 'जायचं कुठं?'

आता मूळ मुद्दा. मैत्रिणींनो, पाणी पिणं बंद करू नका. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. पाणी कमी प्यायलो आणि लघवी तुंबवून ठेवली की त्यांचं फावतं. एकदम तांब्याभर पिऊ नका, तासाला थोडं थोडं प्या.

मग जायचं कुठं? पोचल्यावर पुस्तकांच्या दुकानांआधी स्वच्छतागृह शोधा. परिसंवाद संपला की सगळा मांडव एकदम उठतो आणि मोठी रांग लागते. म्हणून संपायच्या दहा मिनिटं आधी उठा. शेवटचं आभारप्रदर्शन चुकलं तर काही बिघडत नाही. दोघी मिळून जा. एकीनं पर्स धरायची, गरज पडली तर दारही धरायचं. छोटी बॅटरी आणि कागदी साबण जवळ ठेवा.

आणि एक काम जाण्यापूर्वी करा. संयोजकांना फोन करून विचारा, बायकांची स्वच्छतागृहं किती आहेत, कुठे आहेत? पाणी आहे का, दाराला कडी आहे का, रात्री दिवा असतो का? लाजायचं काय त्यात? वारीच्या वाटेवर गेल्या काही वर्षांत फिरती शौचालयं ठेवली जातात, तीही कुणीतरी हा प्रश्न लावून धरल्यावरच आली. आपण विचारलंच नाही, तर समोरचा समजतो, बायका येतच नाहीत.

खाणं, गोळ्या आणि झोप

सासूबाईंच्या मधुमेहाची मला सर्वांत जास्त धास्ती होती. गोळी घेतली आणि जेवणाच्या रांगेत तासभर गेला, तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घेतलं. जेवण समोर आल्याशिवाय गोळी नाही. पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा, बिस्किटं, एक केळं. रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नाही, पर्समध्ये. तेही दोन दिवस जास्तीच्या.

घरून आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू नेले. तेलकट वडापाव एखादा ठीक, पण तीन दिवस त्याच्यावर काढले तर पोट बंड करतं. उन्हानं गळून गेल्यासारखं झालं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मात्र मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेल्यांनी हेही डॉक्टरांना विचारूनच.

झोपेचं म्हणाल तर बायका एकत्र जमल्या की रात्री गप्पा कशा संपणार? पण आम्ही अकराला दिवा मालवायचा नियम केला. पाळला साडेबाराला. भाच्याच्या हिशोबात बसलो.

मांडवात बसताना

सगळं ऐकायचा हव्यास धरू नका. एकाच वेळी दोन-तीन मांडवांत कार्यक्रम चालू असतात. पत्रिका हातात आली की पेन्सिलीनं रोजचे दोनच कार्यक्रम पक्के करा, बाकी जमलं तर. गेल्या खेपेला मी इकडून तिकडं पळत होते आणि धड एकही भाषण आठवत नव्हतं.

बसायला कडेची खुर्ची निवडा, म्हणजे उठताना दहा जणांच्या पायांवरून जायला नको. ध्वनिक्षेपकाच्या समोर बसू नका, कान दोन दिवस गुणगुणतात. कानात घालायला थोडा कापूस ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीत कंबर दुखते, तिथं चादरीची घडी पाठीला लावा. तासानं उठून चार पावलं चाला. उठता येत नसेल तर बसल्या जागी घोटे गोल फिरवा, म्हणजे पाय सुजत नाहीत.

पुस्तकं आणि लेखक

घरून यादी करून जा. नाहीतर पहिल्या तीन दुकानांतच पैसे संपतात. पहिल्या दिवशी नुसतं बघा, किमती विचारा, दुसऱ्या दिवशी घ्या. प्रदर्शनात बहुतेक ठिकाणी सवलत असते. पुस्तकं दिसतात हलकी, पण पाच पुस्तकांची पिशवी तासाभरात खांदा उतरवते. दोन कापडी पिशव्यांत वजन वाटून घ्या. आम्ही सात जणी एकच पुस्तक सात वेळा घेत नाही. वेगवेगळी घेतो आणि वर्षभर फिरवतो.

लेखक दिसले की आपलं भान हरपतं. साहजिक आहे. पण ते जेवत असतील तर थांबा. सही हवी तर पुस्तक उघडून, पेन तयार ठेवून पुढे व्हा. आपल्याला काय आवडलं ते एका वाक्यात सांगा. आपली कवितांची वही मात्र तिथं त्यांच्या हातात देऊ नका!

अजून एक गोष्ट सांगते. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. तेव्हापासून ९९ संमेलनं झाली, आणि अध्यक्षपदी बायका किती? सहा. कुसुमावती देशपांडे १९६१ ला ग्वाल्हेरला, दुर्गा भागवत १९७५ ला कराडला, शांता शेळके आळंदीला, विजया राजाध्यक्ष २००१ ला इंदूरला, अरुणा ढेरे २०१९ ला यवतमाळला आणि तारा भवाळकर २०२५ ला दिल्लीला. व्यासपीठावर कुणाला बसवायचं ते आपल्या हातात नाही. समोरच्या खुर्च्या भरणं तर आपल्या हातात आहे ना?

आणि साताऱ्याला...

जानेवारी २०२६ च्या पहिल्या चार दिवसांत शाहू स्टेडियमवर संमेलन भरलं. आम्ही त्यातले दोनच दिवस गेलो, तेवढेच झेपणारे होते. सासूबाई कडेच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, हातात पाण्याची बाटली. दर तासाला त्या मला ढोसायच्या, "पी गं तू पण."

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आम्ही बऱ्याच मागे होतो, चेहरा नीट दिसत नव्हता. सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ह्यांनीच लिहिलं का गं ते?" मी मान हलवली. पुढं त्या काही बोलल्या नाहीत. शेवटपर्यंत हलल्या नाहीत. सही मिळाली नाही, जवळून भेटही झाली नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

घरी आलो ते धडधाकट. ना ताप, ना पायाला फोड. दुसऱ्या दिवशी सासूबाई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी आतून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, "तू का गं राहिलीस घरी? पुढच्या खेपेला ये. मी गेले, तुला काय धाड भरलीय? पाण्याची बाटली तेवढी घे."

संध्याकाळी वहिनी आल्या. म्हणाल्या, "भिशीत आठवी चालेल ना?" आणि दोनशे रुपये माझ्या हातावर ठेवले.